महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक की तमिळनाडू: छोटा कारखाना टाकायला कोणतं राज्य चांगलं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आठ वर्षं नोकरी झाली, कर्ज धरून ७०-८० लाख उभे राहतात, दोन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशिनं) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून द्यायचं काम, सुरू करायचंय, पहिलं काम चाकणचा ओळखीचा व्हेंडर देणार आहे. आणि मित्र म्हणतायत, महाराष्ट्रात धंदा म्हणजे डोक्याला ताप, सरळ गुजरात गाठ.

मी कोल्हापूरचा. २००४ पासून गोकुळ शिरगावात मशीनशॉप आहे. मध्ये एका गिऱ्हाइकाच्या मागे लागून चार वर्षं गुजरातेत साणंदला भाड्याच्या शेडमध्ये युनिट चालवलं, मग गुंडाळलं. आमच्या दाजींची बेळगावात फौंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) आहे, तिच्यात माझा थोडा वाटा आहे. तमिळनाडू मी फक्त गिऱ्हाईक म्हणून पाहिलंय, कोइमतूरला. त्यामुळे तिथलं कमी सांगतो.

मित्र ‘धंदा करायला सोपं राज्य कोणतं’ या ज्या सरकारी क्रमवारीचे दाखले देतात तिचं आधी बघू. केंद्राच्या उद्योग खात्याने २०१५ मध्ये राज्यांना ९८ सुधारणांची यादी दिली आणि कोणी किती केल्या त्यावर नंबर काढले. गुजरात ७१.१४ टक्क्यांसह पहिला, महाराष्ट्र ४९.४३ टक्क्यांसह आठवा, तमिळनाडू बारावा. पुढच्याच वर्षी यादी ३४० मुद्द्यांची झाली आणि आंध्र-तेलंगणाला ९८.७८ टक्के! एका वर्षात एवढी प्रगती आमच्या शाळेत फक्त तोंडी परीक्षेला व्हायची. राज्याने काम केलं म्हणायचं, पुरावे राज्यानेच अपलोड करायचे, असा तो मामला होता. मग २०१९ च्या फेरीत सगळं या सेवा वापरणाऱ्या धंदेवाल्यांना विचारून ठरवलं, तर गुजरात दहावा, उत्तर प्रदेश बाराव्यावरून दुसरा, महाराष्ट्र तेरावा, तमिळनाडू चौदावा, कर्नाटक सतरावा आणि झारखंड पाचवा. २०२२ मध्ये नंबर देणंच बंद केलं, गट पाडले. सतरावं कर्नाटक थेट वरच्या गटात, महाराष्ट्र त्याच्या खालच्या.

आता मला सांगा, चौदाव्या नंबरच्या तमिळनाडूत देशातले सर्वांत जास्त कारखाने आहेत. आयफोन चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला बनतो, सतराव्या नंबरच्या कर्नाटकात कोलारजवळ बनतो. पाचव्या नंबरचं झारखंड बघून कुणी मशिन घेऊन रांचीला निघालाय का? त्या क्रमवारीला अर्थ नाही असं नाही, तिच्यामुळे बरेच अर्ज ऑनलाइन झाले, हे मी स्वतः अनुभवलंय. पण ती फॉर्म मोजते, धंदा नाही. जागतिक बँकेची देशांची यादी होती, ज्यात भारत १४२ वरून ६३ वर आला, ती तर आपल्याकडे मुंबई आणि दिल्ली एवढीच शहरं बघायची. २०२१ मध्ये आकड्यांत गडबड निघाली म्हणून बँकेने ती बंदच केली.

उलट बाजूचा दाखलाही तसाच फसवा. परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र पहिला, असं आपण छाती काढून सांगतो. पैसा नोंदला जातो कंपनीचं ऑफिस जिथे असेल तिथे, आणि ऑफिसं मुंबईत. कारखाना भलतीकडेच असू शकतो.

आता खरा हिशेब. समजा सीमेपलीकडे कर्नाटकात वीज युनिटमागे दीड रुपया स्वस्त मिळाली. (आकडा उदाहरणापुरता धरलाय, दर दरवर्षी बदलतात.) दाजींच्या फौंड्रीत इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात. वितळलेल्यातलं रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेलं लोखंड) आणि रिजेक्शन जाऊन ६० टक्के माल चांगला निघतो, म्हणजे टनभर चांगल्या कास्टिंगमागे हजार युनिट. दीड रुपयाने टनाला दीड हजार, किलोला दीड रुपया. ज्या धंद्यात किलोमागे तीन-चार रुपये सुटले तर माणूस देवाला नारळ फोडतो, तिथे हा दीड रुपया म्हणजे जगणं-मरणं. महिन्याला २०० टन काढणाऱ्याचे तीन लाख झाले. कोल्हापूरच्या उद्योजकांनी वीजदरावरून कर्नाटकात जायचा इशारा दिला होता तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना तो राजकीय स्टंट वाटला. फौंड्रीवाल्याला विचारा.

आता तुमचं बघा. व्हीएमसी तासाला सरासरी सहा युनिट खाते असं धरू. दीड रुपयाच्या फरकाने तासाला नऊ रुपये वाचले. तासाचा दर ४०० मिळाला, तर नऊ रुपये म्हणजे किस झाडकी पत्ती. आणि एका मशिनवर आठ तासांची एक पाळी ऑपरेटर आला नाही की ३,२०० बुडाले. साडेतीनशे तासांची विजेतली बचत एका दांडीत गेली! तीच सीमा, तीच वीज, पण फौंड्रीवाल्याने पलीकडे जाणं शहाणपणाचं आणि तुम्ही जाणं वेडेपणाचं. ‘कोणतं राज्य चांगलं’ हा प्रश्न म्हणूनच मला अर्धा वाटतो. तुमच्या रुपयातले किती पैसे राज्याच्या हातात आहेत ते आधी काढा.

पूर्वी ते जास्त होते. जीएसटीच्या आधी कर्नाटकात माल पाठवायचा म्हणजे कोगनोळी नाक्यावर गाडी उभी. दोन टक्के सीएसटीने (केंद्रीय विक्रीकराने) बिल केलं की गिऱ्हाइकाकडून सी फॉर्म, म्हणजे त्या सवलतीच्या दराचा दाखला, आणायचा, नाही आणला तर फरक आपल्या बोडक्यावर. एका पार्टीच्या पाच सी फॉर्मसाठी मी दीड वर्ष फोन केलेत, शेवटी त्यांच्या अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नाला आहेर घेऊन गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं. १ जुलै २०१७ नंतर ते सगळं संपलं. करापुरतं बोलायचं तर आज माझ्यासाठी कर्नाटकातलं निपाणी आणि आपलं सातारा सारखेच. व्यवसाय कर म्हणाल, तर तो महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० आणि हरियाणात शून्य. त्यासाठी कुणी हरियाणाला जात नाही.

उरतात जागा, माणसं, गिऱ्हाइकाचं अंतर आणि ऑफिसं.

जागेत फरक आहे. एमआयडीसी प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर देते, तुम्ही मालक कधीच होत नाही, विकताना हस्तांतरणाचे पैसे भरावे लागतात, आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून बीसीसी (बांधकाम पुरं झाल्याचा दाखला) घेतलं नाही तर मुदतवाढीचं प्रीमियम. गुजरातेत जीआयडीसीचं, म्हणजे तिथल्या एमआयडीसीचं, ९९ वर्षांचं लीज. कर्नाटकात लीज-कम-सेल, म्हणजे अटी पुऱ्या केल्या की शेवटी खरेदीखत हातात येतं. आमच्याकडच्या लोकांना बेळगावचं सगळ्यात मोठं आकर्षण वीज नाही, हेच. नावावर जमीन! बँकेला तारण द्यायला सोपी आणि म्हाताऱ्या वडिलांना दाखवायलाही बरी. पण पहिल्या तीन वर्षांत तुम्ही प्लॉटच्या नादी लागूच नका. ८० लाखांतले ३० जागेत घातले तर मशिनसाठी काय उरलं? भाड्याचा गाळा घ्या.

माणसांचं मी साणंदला शिकलो. तिथलं खरं कौतुक असं की रस्ते, शेड, वीज यांवर माझा एकही दिवस वाया गेला नाही. टाटांनी २००८ मध्ये नॅनो सिंगूरहून तिथे नेली, नंतर फोर्ड आली, त्यामुळे औद्योगिक वसाहत तयार होती. शेजारचे गुजराती मालक सकाळी साडेनऊला शेअर बाजार बघत चहा प्यायचे आणि तरी त्यांचा धंदा माझ्यापेक्षा बरा चालायचा, हे कोडं मला सुटलं नाही. पण फिक्श्चर (जॉब मशिनवर घट्ट धरणारी पकड) बनवणारा, सेटिंग करणारा, टूलला परत धार लावणारा हाकेच्या अंतरावर नव्हता. स्पिंडलचा बेअरिंग गेला तेव्हा मी माणूस राजकोटहून बोलावला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, दोन दिवस थांबला. कोल्हापुरात मी शिवाजी उद्यमनगरात फोन करतो आणि माणूस दुपारच्या जेवणाआधी स्कूटरवर येतो, बिल पुढच्या महिन्यात देतो म्हटलं तरी चालतं. ऑइल इंजिनांच्या काळापासून इथे बापाकडून पोरानं शिकलेलं हे काम आहे. हा स्कूटरवाला कुठल्याच सरकारी क्रमवारीत मोजलेला नाही.

हजेरीचं मात्र कुठेच सुख नाही. आमच्याकडे गावाची म्हाई (जत्रा), गणपती आणि सुगी आली की खाडे. गुजरातेत दिवाळीला सगळं लाभपाचमेपर्यंत बंद, परत उत्तरायणाला पतंग. परप्रांतीय पोरं होळीला गावी गेली की परत कधी येतील ते रेल्वेलाच माहीत. डिलिव्हरी शेड्यूल करताना कॅलेंडर त्या त्या राज्याचं लावा, एवढंच.

स्थानिकांना नोकऱ्यांच्या कायद्याचंही तुम्ही विचारलंय. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा हायकोर्टाने २०२३ मध्ये रद्द केला, कर्नाटकाने २०२४ मध्ये विधेयक आणलं आणि ओरड झाल्यावर थांबवलं. दोन मशिनवाल्याला याची झोप उडवून घ्यायची गरज नाही.

ऑफिसं. इथे मी राज्याचं नाव मुद्दाम घेत नाही, घेतलं की भांडण सुरू होईल. माझा संबंध आलेल्या तिन्हींपैकी एका राज्यात मी प्रदूषण मंडळाच्या संमतीसाठी सिंगल विंडो पोर्टलवर अर्ज केला. अकराव्या दिवशी मेसेज आला, अर्जाची प्रक्रिया पूर्ण. मी पेढे वाटायचा बाकी होतो. ऑफिसात फोन केला तर म्हणाले, त्याच अर्जाची प्रिंट तीन प्रतींत आणून द्या. नेली. कारकुनाने शांतपणे पंच मारलं, हिरव्या टॅगात ओवली, कव्हरवर पेनाने नंबर घातला आणि म्हणाला, ‘आता तुमची फाइल सुरू झाली.’ साहेब साइटवर आहेत, मंगळवारी या. असे पाच मंगळवार झाले. आणि त्याच राज्यात ६० किलोमीटरवरच्या दुसऱ्या ऑफिसात दाजींचं तसंच काम एका साहेबांनी फोनवर नकाशातली चूक सांगून आठवड्यात उरकलं, चहासुद्धा घेतला नाही. पाणी आणि हवेचे मूळ कायदे केंद्राचे, १९७४ आणि १९८१ चे, सगळीकडे तेच. फरक त्या खुर्चीत कोण बसलंय त्याचा, आणि खुर्चीतला माणूस तीन वर्षांनी बदलतो.

सवलतींबद्दल जपून. महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट आहेत. मुंबई-पुणे पट्ट्यात जवळपास काही नाही आणि गडचिरोलीसारख्या ठिकाणी भरघोस. म्हणजे चाकण आणि गडचिरोली यांच्यातला सवलतींचा फरक चाकण आणि साणंद यांच्यातल्यापेक्षा मोठा! ‘महाराष्ट्र’ असं एकच काही नसतंच. पण कुठल्याही राज्याची सबसिडी प्रोजेक्ट रिपोर्टात उत्पन्न म्हणून धरू नका. मंजूर होणं वेगळं आणि खात्यात जमा होणं वेगळं. माझ्या ओळखीच्या एकाने ती धरून हप्ता ठरवला, मग हप्ता भरायला सोसायटीचं कर्ज काढलं.

राहता राहिले मोठे प्रकल्प. वेदांत-फॉक्सकॉन २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातेत जाणार म्हटल्यावर केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉन स्वतःच बाहेर पडली. त्या पातळीवर मुख्यमंत्री स्वतः सौदा करतात, जमीन, पाणी, कर सगळं वेगळं ठरतं. त्यावरून तुमच्या दोन व्हीएमसींचं काही ठरत नाही.

उलट नोकियाचं उदाहरण बघा. करवादात २०१४ मध्ये त्यांचा श्रीपेरुम्बुदूरचा कारखाना बंद पडला. सरकारशी इतकं वाईट वागणं-बोलणं झालेल्या जागी मोबाइलवाल्यांनी परत पाऊल ठेवायला नको होतं. पण शिकलेल्या मुली, व्हेंडर, चेन्नईचं बंदर तिथेच होतं, आणि मोबाइल परत तिथेच आले.

तेव्हा तुमचं सरळ उत्तर: पहिलं गिऱ्हाईक चाकणला आहे, तर चाकण-तळेगाव-भोसरी या टापूत गाळा बघा. गुजरातला तेव्हा जा जेव्हा तिथलं गिऱ्हाईक किमान दोन वर्षांच्या कामाची ऑर्डर लेखी देईल. मी तोंडी शब्दावर गेलो होतो. कधी फौंड्री किंवा हीट ट्रीटमेंट (धातू भट्टीत तापवून कडक करायचं काम) अशी वीज खाणारी गोष्ट टाकायचा विचार आला, तर मात्र पहिल्यांदा कर्नाटकची गाडी पकडा आणि मग मला शिव्या घाला.

गाळा ठरवायच्या आधी शेजारच्या दोन शेडवाल्यांकडे जाऊन मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं बघायला मागा. युनिट, डिमांड, पॉवर फॅक्टर सगळं त्यात असतं. लाइट किती वेळा जाते, कुठल्या ऑफिसात कोण बसतं, कोणता ऑपरेटर नोकरी बदलायच्या बेतात आहे, हेही त्याच बैठकीत कळतं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. चहा मात्र आपण सांगायचा.