आई-बाबांना घेऊन एका दिवसात वेरूळ आणि घृष्णेश्वर: गाइड घ्यावा का, काय पाहावं, काय सोडावं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा सत्तरीच्या आसपासचे आहेत, छत्रपती संभाजीनगरला एकच दिवस हाताशी आहे, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि वाटेतली इतर देवस्थानं एका दिवसात होतील का, आणि त्यासाठी गाइड किंवा सहलीची गाडी करावी का.

आधी सरळ उत्तर देते. वेरूळ आणि घृष्णेश्वर एका दिवसात नीट होतात. गाइड नक्की घ्या. पण एका दिवसात सहा-सात ठिकाणं दाखवणारी सहल घेऊ नका.

मी याच शहरात वाढले. घरी पाहुणे आले की त्यांना वेरूळला नेणं हे लहानपणापासून माझ्याकडे होतं, आणि अजूनही आहे. शहरातून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींचा ठरावीक साचा असतो: सकाळी देवगिरी किल्ला, मग खुलताबाद, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, परत येताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. यात वेरूळच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात, तेही ऐन दुपारी. चौतीस लेणी, तीन धर्म, चारशे वर्षांहून जास्त काळाचं काम आणि दोन तास! लोक कैलास लेण्यासमोर फोटो काढतात आणि गाडीत बसतात. ज्यांनी आयुष्यभर वेरूळचं नाव ऐकलंय त्या आई-बाबांच्या बाबतीत असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. किल्ला तर त्यांच्यासाठी त्या दिवशी काढूनच टाका. देवगिरीची चढण आणि अंधारी वाट तरुणांचाही दम काढते, आणि त्यानंतर लेण्यांसाठी पायात बळ उरत नाही.

वार आधी बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठा सोमवारी). श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराला इतकी गर्दी असते की रांगेतच दिवस जातो. दर्शन हाच मुख्य हेतू असेल तर त्याला माझी ना नाही, पण मग त्या दिवशी लेण्यांची आशा धरू नका.

शहरापासून वेरूळ साधारण तीस किलोमीटर आहे. स्वतःची गाडी किंवा दिवसभराची टॅक्सी करा आणि सकाळी लवकर निघा. आधी घृष्णेश्वर. सकाळी गर्दी कमी असते, आई-बाबांचं आंघोळ करून, रिकाम्या पोटी दर्शन होतं आणि मग मन मोकळं होतं. इथे पुरुषांना गाभाऱ्यात जाताना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. मोबाइलला आत परवानगी नाही. लाल दगडाचं हे देऊळ मालोजीराजे भोसल्यांनी दुरुस्त केलं होतं. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, शिवरायांच्या आजोबांची पाटीलकी इथली. आज दिसतं ते बांधकाम अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांच्या काळात झालं. सभामंडपाच्या खांबांवरचं कोरीवकाम आणि शिखराच्या भागातले दशावतार पाहण्यासाठी रांगेतून बाहेर आल्यावर दहा मिनिटं काढा.

आणि शिवालय तीर्थ चुकवू नका. देवळापासून जवळच चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारं दगडी कुंड आहे, पायऱ्यांच्या मध्ये आठ लहान देवळं आहेत. शिवभक्त घुष्मा रोज मातीची एकशे एक पार्थिव लिंगं करून ज्या तळ्यात विसर्जित करायची, ते तळं हेच अशी श्रद्धा आहे. सवतीने तिचा मुलगा मारून त्याच तळ्यात टाकला, तरी हिची पूजा चुकली नाही, आणि शंकर प्रसन्न झाल्यावर हिने सवतीसाठी क्षमा मागितली. माझी आई ही गोष्ट कुंडाच्या काठावर उभी राहून सांगायची. ती ऐकावी तर तिथेच. सहलीच्या गाड्या मात्र इथे थांबत नाहीत. तुमच्या आई-बाबांना पायऱ्या उतरायला लावू नका, वरूनही सगळं कुंड दिसतं.

मग नाश्ता, आणि लेणी. इथे गाइडचा प्रश्न येतो.

पर्यटन खात्याचा परवाना असलेला गाइड घ्या. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते मोकळेपणाने मागा. चांगला गाइड त्याने नाराज होत नाही. भाषा आणि वेळ आधी ठरवा: मराठीतून सांगणारा हवा, आणि किमान अर्धा दिवस देणारा हवा. पैसे ठरवण्याआधी त्याला एकच विचारा: "कैलास वरून खाली कोरलं हे कशावरून, ते दाखवाल का?" ज्याला विषय कळतो तो तुम्हाला मागच्या भिंतीकडे नेतो, वरपासून खालपर्यंत उमटलेल्या छिन्नीच्या खुणा दाखवतो, डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला दगड कसा सुटा केला ते हाताने आखून सांगतो. जो परग्रहावरच्या लोकांच्या गोष्टी सुरू करतो त्याला नमस्कार करून पुढे चला. ही लेणी आपल्याच मातीतल्या पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून कोरली. त्यांचं श्रेय कुणा आकाशातल्याला देणं मला सहन होत नाही.

क्रमांकांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही. लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे नंबर दिलेत, वयाप्रमाणे नव्हे. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. म्हणून अनेकांना वाटतं की बौद्ध लेणी सगळ्यांत जुनी. प्रत्यक्षात 29 आणि 21 क्रमांकाची शैव लेणी सहाव्या शतकातली, इथल्या सुरुवातीच्या कामांपैकी आहेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे एक धर्म संपला आणि दुसरा आला असं झालेलं नाही. एकाच डोंगरात वेगवेगळ्या देवांची कामं कधी एकामागून एक, कधी एकाच काळात चालत राहिली. नवव्या-दहाव्या शतकात जैन लेणी झाली. हे आई-बाबांना आधी सांगितलंत तर पुढचं सगळं वेगळं दिसेल.

डोंगराचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी लेण्यांसमोरची वाट सावलीत असते. वयस्कर माणसांसाठी हे फार मोलाचं. सकाळी बौद्ध लेणी करा, पण सगळी बाराच्या बारा नकोत. 5 क्रमांकात लांबच लांब दालनात दगडातच सोडलेल्या दोन बसक्या बाकांच्या रांगा आहेत. भिक्षू तिथे बसून काय करत असतील, जेवत की पाठ म्हणत, यावर गाइडशी बोला. 12 म्हणजे तीन ताल. तिच्या वरच्या मजल्यावर एका ओळीत सात बुद्ध आणि दुसऱ्या ओळीत आणखी सात, पण पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर आई-बाबांना खाली अंगणात बसू द्या.

10 क्रमांकाला मात्र त्यांना हात धरून न्या. हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. लोक याला विश्वकर्मा किंवा सुतार लेणं म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी कोरल्यात, आणि सुतार मंडळी आतल्या मूर्तीला विश्वकर्मा मानून हात जोडत आली. स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेले भव्य बुद्ध. जाणता गाइड इथे बोलणं थांबवतो आणि एक ओळ संथपणे म्हणतो. आवाज छतावर फिरून परत येतो तेव्हा लहान मुलंही गप्प होतात. एकदा आम्ही आत असताना पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, बहुधा विदर्भातून आलेल्या, त्रिशरण ही बौद्ध वंदना म्हणत होत्या. आमच्या गाइडने आपलं सांगणं थांबवून सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि त्यांचं पूर्ण होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. गाइड कसा असावा याचं माझ्या मनातलं माप तेव्हापासून तेच आहे. ही जागा कुणासाठी तरी अजून वंदनाची आहे, हे त्याला ठाऊक होतं.

उन्हं वर आली की कैलास, म्हणजे 16. मुद्दामच उशिरा. मागचा कडा सुमारे शंभर फूट उंच, त्यामुळे सकाळी लवकर अंगणात ऊन उतरतच नाही. अकराच्या सुमाराला उजेड खाली येतो आणि कोरीवकाम उठून दिसू लागतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे घडलं. त्याच्याच घराण्यातल्या कर्क राजाच्या इ.स. 812 च्या बडोदा ताम्रपटात याचं वर्णन आहे: विमानांतून जाणारे देव हे पाहून थक्क होतात, आणि घडवणारा शिल्पीही म्हणतो की हे माझ्याकडून झालं तरी कसं! बाराशे वर्षांपूर्वीचा माणूसही इथे उभा राहून तेच म्हणत होता, जे आज माझ्या घरचे पाहुणे म्हणतात.

इथे गाइडला घाई करू देऊ नका. दारातल्या गजलक्ष्मीपासून सुरुवात करा. अंगणात दोन्ही बाजूंना हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचा पट, उत्तरेला महाभारताचा. बाबांना प्रसंग ओळखायला सांगा, ज्यांनी कीर्तनं ऐकलीत त्यांना अर्धे तरी गाइडच्या आधी सापडतात. मग रावणाने कैलास हलवल्याचं शिल्प. खाली वीस हातांनी पर्वताला भिडलेला रावण, वर घाबरून शंकराला बिलगलेली पार्वती, पळत सुटलेली दासी, आणि शंकर मात्र निश्चल, पायाने पर्वत दाबून बसलेला. मला हे शिल्प पाहताना दर वेळी त्या दासीकडे जास्त वेळ बघावंसं वाटतं. देव-दैत्यांच्या त्या झुंजीत खरी भीती तिच्या अंगात कोरली आहे.

गाइडला कोकसाची गोष्टही सांगायला लावा. राजा बरा झाला की मंदिर बांधीन आणि त्याचं शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणी माणिकावतीने नवस केला. बाकीच्या कारागिरांनी महिनोन्‌महिने मागितले. पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो, आणि त्याने डोंगर वरून कोरायला घेतला. कथा आहे, इतिहास नाही, आणि चांगला गाइड हा फरक स्वतःहून सांगतो. पण वरून खाली कोरण्याची युक्ती लोकांच्या स्मरणात इतकी रुजली की तिची गोष्ट झाली, हे मला फार आवडतं.

देवळाच्या वरच्या मजल्यावर जाता येतं, पायऱ्या अरुंद आहेत आणि आत अंधार असतो. गाभाऱ्यात मोठं शिवलिंग आहे. चपला बाहेर काढायच्या. डोंगरावरून वळसा घालून जाणारी वाट आहे, तिथून छतावरचं कमळ आणि त्यावरचे चार सिंह दिसतात. ती तुम्ही एकटे जाऊन या, आई-बाबांना अंगणातल्या सावलीत बसवून. खाली बसून नुसतं बघत राहायलाही इथे भरपूर आहे.

जेवणानंतर जैन लेणी. ती कैलासापासून उत्तरेला किलोमीटरभराच्या वर आहेत, म्हणून बहुतेक लोक सोडतात. शटल बस असते, तिने जा. 32, म्हणजे इंद्रसभा, माझ्या मते वेरूळमधलं सर्वांत नाजूक काम. दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका, समोर वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष. त्यालाच पूर्वी इंद्र समजले, म्हणून हे नाव पडलं. बाहुबलींच्या अंगावर चढलेल्या वेली इतक्या बारीक आहेत की हा कठीण काळा दगड आहे हे पटत नाही. छतावर रंगांचे अवशेष अजून दिसतात. इथे गर्दी नसते, आई-बाबा निवांत बसू शकतात. त्याच वाटेवर 29 क्रमांक येतो. पावसाळ्यात त्याच्या शेजारी धबधबा कोसळतो, पण वाट निसरडी होते, तेव्हा पावसात वयस्कर माणसांना तिकडे नेऊ नका.

चारच्या सुमाराला निघालात तर परतीच्या वाटेवर खुलताबाद होतं. भद्रा मारुतीची निजलेली मूर्ती आईला बघायची असेलच. जवळच सूफी संतांच्या दर्गाहा आहेत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनला आले, त्यांची समाधी इथे आहे. समोरच्या झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी कबर आहे. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. थकवा असेल तर हे दोन्ही सोडून द्या.

आणि काही कारणाने तुम्हाला सहलीच्याच गाडीने जावं लागलं, तर तिकीट काढण्याआधी वेरूळला किती वेळ थांबणार ते लेखी विचारा. तीन तासांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. तीन तास मिळाले तर तिथे पोहोचल्यावर गटापासून वेगळे व्हा, स्वतःचा गाइड करा आणि त्याला फक्त 10, 16 आणि 32 दाखवायला सांगा.