फूल मिटायच्या आत

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं जास्वंदीचं चित्र मिळालं, सोबतची चिठ्ठीही वाचली. तिसऱ्या पाकळीशी येईतो फूल मिटायला लागलं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून उरलेलं त्यावरून पुरं केलं, असं लिहिलं आहेस. तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. पहिल्या दोन पाकळ्यांना शिरा आहेत, कडेची चुणी आहे, देठाकडे जाताना लाल रंग काळपट होत गेला आहे. पुढच्या तीन पाकळ्या म्हणजे नुसता लाल रंग. यात तुझ्या हाताचा दोष नाही. उन्हातला गडद लाल मोबाइलच्या कॅमेऱ्याला पेलत नाही, सगळे बारकावे तो एकाच लालात बुडवून टाकतो. फोटोतच जे नव्हतं ते तू कागदावर कुठून आणणार होतीस?

तुझा वेळ कुठे गेला तेही चित्रात दिसतं. पानं फार छान झाली आहेत. म्हणजे आधी पानं, मग देठ, मग कळी आणि सर्वांत शेवटी फूल. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, हे वर्गात मीच तुम्हाला शिकवलं. पण फुलापुढे बसलं की तो क्रम मोडायचा. जे आधी जाणार ते आधी काढायचं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पान आठवडाभर जागचं हलत नाही. पानं दुपारी कूलरसमोर बसून काढली तरी चालतात.

आता जास्वंद पुन्हा काढ, आणि आदल्या संध्याकाळपासून सुरुवात कर. उद्या उमलणारी कळी ओळखू येते. हिरव्या टोपीतून लाल टोक चांगलं लांब बाहेर आलेलं असतं आणि त्यावर पीळ दिसतो. स्टूल कुठे ठेवायचं, उजेड कुठल्या बाजूने येणार, हे तेव्हाच ठरव. कागद बोर्डावर चिकटवून ठेव. सकाळी फूल उमलत असताना टेप शोधत बसू नये.

एप्रिलात आपल्याकडे साडेसहा ते नऊ एवढीच कामाची वेळ. नऊनंतर सावल्या आखडतात, लाल रंग डोळ्यांत घुसतो, आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, ब्रशमधून कागदावर जाईपर्यंत वाळायला लागतो. बसल्यावर पहिली दहा मिनिटं ब्रशला हात लावू नकोस. फुलाचं तोंड कुठे आहे ते बघ. मधून जी पुंकेसरांची नळी निघते ती फुलाचा कणा आहे, तिच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात. ती नळी नेमकी कुठून निघते ते कागदावर टिंबाने मांड. पाचही पाकळ्या त्या टिंबाकडे जायला हव्यात. तुझ्या चित्रात चौथी पाकळी दुसरीकडेच निघाली आहे, म्हणून फूल मोडल्यासारखं वाटतं. मग पाकळ्या एकमेकींवर कशा बसतात ते पाहा. प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, सगळ्या एकाच दिशेने. कळीचा पीळ उलगडून आलेला असतो तो. हा कायदा एकदा कळला की घाईतही पाकळी चुकत नाही.

त्यानंतर रंग. पण चित्रावर नाही. त्याच कागदाची एक पट्टी कापून ठेव. खाली गळालेलं ताजं फूल मिळालं तर त्याची पाकळी पट्टीवर ठेवून अगदी तिच्या शेजारी रंग लाव: उजेडातला, सावलीतला, देठाजवळचा आणि पाकळीतून ऊन आरपार येतं तिथला. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सर्वांत आधी जातो. ही पट्टी हातात असली की फूल मिटलं तरी तुझं फारसं नुकसान होत नाही.

एवढं झालं की एकच पाकळी पूर्ण कर. बाकी चार नुसत्या रेषेत राहू देत. उद्या त्याच झाडावर दुसरं फूल येईल. ते अगदी आजच्यासारखं नसेल, पण दुसऱ्या पाकळीच्या शिरा त्यात तुला खऱ्या बघायला मिळतील. चार दिवसांत चार फुलं बघून एक चित्र झालं तर ते खोटं नाही. जॅन व्हॅन हायसम हा अठराव्या शतकातला डच चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत रंगवायचा, आणि समोर खरं फूल असल्याशिवाय ते रंगवायचं नाही असा त्याचा हट्ट होता. एक पिवळा गुलाब मिळेना म्हणून त्याने चित्र पुढल्या वसंतापर्यंत थांबवून ठेवलं होतं. तुझी जास्वंद तर रोज फुलते.

घाईपेक्षा जास्त नुकसान वाईट उजेडाने होतं, हे मी ब्रह्मकमळापायी शिकले. वर्षभर वाट पाहिलेलं फूल रात्री नऊला उमलायला लागलं. शेजारच्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या, चहा झाला, आणि मी व्हरांड्यातल्या पिवळ्या बल्बखाली बसून मध्यरात्रीपर्यंत रंगवत राहिले. सगळं मनासारखं जमलं असं वाटत होतं. सकाळी कागद बाहेर नेला तर पाकळ्यांच्या सावल्या हळदीसारख्या पिवळ्या. पिवळ्या उजेडात पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग दिसतच नाही, म्हणून मी तो वाढवत गेले होते. फूल तोवर मान टाकून लोंबत होतं. मला रडू आलं, आणि आजही तो कागद हातात आला की गळा दाटून येतो. रात्रीचं फूल असेल तर पांढऱ्या एलईडीखाली बस आणि रंगाऐवजी शिसपेन्सिलीवर जास्त भर दे. मार्गारेट मी (Mee) नावाच्या ब्रिटिश चित्रकर्तीने १९८८च्या मे महिन्यात ॲमेझॉनच्या जंगलात रात्रभर बसून चंद्रफुलाचं, म्हणजे तिथल्या एका निवडुंगाच्या फुलाचं, उमलणं टिपलं. ते फूलही एकाच रात्रीचं. त्या तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या रात्री त्यांनी स्केचेस केली, मोठी चित्रं नंतर घरी झाली.

उन्हाळ्याचं थोडं सांगते. कूलरचा झोत फुलावर किंवा कागदावर येऊ देऊ नकोस. झोतापासून बाजूला बसलीस तर खोलीतली ओल उलट तुझ्या फायद्याची, वॉश जरा उशिरा वाळतो. कागद जाड, चौरस मीटरला तीनशे ग्रॅमचा घे, आणि मोठा वॉश असेल तर आधी पाण्याने भिजवून घे. फूल कापून आणायचंच असेल तर उजाडतानाच काप, देठ तिरपा काप, लगेच पाण्यात ठेव. गुलाबाला हे लागतं. जास्वंद पाण्याविनाही दिवसभर तशीच राहते, म्हणून ती शिकायला बरी.

रंगाच्या ट्यूबबद्दल एक कळकळीची गोष्ट. तुझ्या पेटीतला तो झगझगीत ऑपेरा पिंक मला दिसला आहे. फुलांसाठी मोह होतो, पण उजेडात तो उडतो. आपल्या घरांत ऊन किती येतं ते तुला माहीत आहे. व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये गुलाबांची चित्रं काढली. ते गुलाब तेव्हा गुलाबी होते, त्याचा ‘लेक’ जातीचा, म्हणजे रंजकापासून केलेला लाल रंग उडाला आणि आज ते जवळजवळ पांढरे दिसतात. झाडावरचं फूल गेलं, मग कागदावरचंही गेलं, असं तुझ्या चित्राचं होऊ नये. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा क्रमांक असतो. गुलाबीसाठी पीव्ही १९ बघून घे. थोडा महाग पडेल, पण छोटी ट्यूब वर्षभर पुरते.

चित्र मधेच राहिलं तर राहू दे. आठवणीतून पुरं करायला जाऊ नकोस. आठवण सगळ्या पाकळ्या सारख्या करून टाकते, आणि फोटोत कमीत कमी एवढी लबाडी नसते. माझ्या वहीत अर्धी शेवंती आहे, दोनच पाकळ्यांची गोकर्ण आहे, आणि त्यांच्याकडे बघून मी आजही तो निळा पुन्हा लावू शकते.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर मधुमालती बहरली आहे. पहिल्या संध्याकाळी तिची फुलं पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग सापडतात. त्यातला एक घोस तीन दिवस ओळीने काढायचा, असं मी तुझ्यासाठी ठरवून ठेवलं आहे. शुक्रवारी साडेपाचला ये, ऊन उतरलेलं असतं. टेप मी आणून ठेवते. रंगाची पट्टी कापून आण, आणि ती जास्वंद जशी आहे तशीच घेऊन ये, तिच्यावर आता ब्रश लावू नकोस.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई