बारा तास बसूनही काम पुढे का सरकत नाही

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: आठ महिने घरून काम करत आहात, सकाळी नऊला उघडलेला लॅपटॉप रात्री नऊला मिटता, मधल्या वेळात धड जेवणही होत नाही, आणि तरीही दिवसभरात काय झाले ते सांगता येत नाही. टायमर लावून पाहिला, याद्या करून पाहिल्या, आणि आता हा आपला आळसच असावा अशी शंका तुम्हाला येऊ लागली आहे. मी नऊ वर्षे घरून काम करतो आणि त्यांतील पहिली दोन याच अवस्थेत काढली आहेत. बारा तास एका जागी बसणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्या कामाला आदि-अंत उरलेला नसतो, एवढेच.

कार्यालयात हा आदि-अंत आयता मिळतो. येण्याजाण्याची वेळ, बैठकीसाठी उठणारी माणसे, संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या यांमुळे दिवसाचे तुकडे आपोआप पडतात. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम करणाऱ्यांचे काम त्यात १३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. घरून काम करण्याची बाजू घेणारे हा आकडा हमखास सांगतात, त्याची फोड मात्र क्वचितच कोणी सांगतो. सुमारे ९ टक्के वाढ मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, म्हणजे निव्वळ अधिक मिनिटे काम केल्यामुळे झाली होती, आणि उरलेली सुमारे ४ टक्के अधिक शांत व सोयीच्या जागेत दर मिनिटाला जास्त कॉल घेता आल्यामुळे. शिवाय ही माणसे कॉल सेंटरमधली होती. फोन वाजला की काम सुरू, ठेवला की संपले. अहवाल, आराखडे किंवा संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांसाठी अशी घंटा कोणी वाजवत नाही. ती आपली आपण वाजवावी लागते.

माझी घंटा म्हणजे आदल्या संध्याकाळी कागदावर लिहिलेली एक नोंद. तुमच्या यादीत बहुधा ‘अहवालाचे काम’ असे लिहिलेले असते. हे काम कधीच संपत नाही, कारण ते कशाने संपेल हेच त्यात सांगितलेले नाही. त्याऐवजी मी लिहितो: ‘तिसऱ्या प्रकरणातील तक्त्याच्या बेरजा मूळ नोंदींशी ताडून मसुदा तपासणीसाठी पाठवणे.’ त्याखाली कुठे थांबलो तेही लिहितो, अगदी तपशिलाने: ‘२८व्या ओळीची बेरीज ४० ने जास्त येते, मागील महिन्याची नोंद दोनदा धरली असावी, आधी तेच पाहणे.’ हे लिहायला पाच मिनिटे लागतात, पण सकाळी ‘आज काय बरे करावे’ या विचारात जाणारा तासभर वाचतो. सकाळी संदेश किंवा ईमेल उघडण्यापूर्वी त्या २८व्या ओळीला हात घालायचा, हा माझा एकमेव कडक नियम आहे.

टायमरबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. फ्रान्चेस्को चिरिलो यांची २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पद्धत कंटाळवाण्या कामाला सुरुवात करून देण्यापुरती उत्तम आहे. मात्र काम रंगात आलेले असताना तीच घंटा कानाला बोचते, आणि तेव्हा ती खुशाल बंद करावी.

संदेशांचा त्रास याहून मोठा आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मधील संशोधनात दाखवले होते. तुम्ही दिवसातून चाळीस वेळा वळत असाल तर थकवा कुठून येतो ते शोधायला नको. ‘मी दिवसातून ठरावीक तीन वेळाच संदेश पाहीन, खरोखरच तातडीचे असेल तर थेट फोन करा,’ असे सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आपणही ‘जरा वेळ आहे का?’ एवढाच संदेश पाठवून समोरच्याला ताटकळत ठेवू नये. प्रश्न, संबंधित फाइल आणि उत्तर कधीपर्यंत हवे ते एकदमच लिहावे.

तुम्ही ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका वरिष्ठ पाहत असतात म्हणून खुर्ची सोडता येत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यांना तीन ओळी पाठवून पाहा: आज काय पूर्ण झाले, काय अडले, उद्या काय हाती घेणार. बहुतेक वरिष्ठांना आपली माणसे दिसत नाहीत याची अस्वस्थता असते आणि या तीन ओळींनी ती बरीचशी शमते. त्यानंतरही ठिपकेच मोजले जात असतील, तर तो दोष तुमच्या कार्यपद्धतीचा नाही आणि वेळेच्या कोणत्याही नियोजनाने तो जाणार नाही.

दिवसाचा शेवट मात्र घड्याळावर ठरवा. जितका वेळ द्यावा तितके काम फुगते, असे ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवले आहे. मी सहा वाजता उद्याची नोंद लिहून लॅपटॉप चार्जरसकट कपाटात ठेवतो. पहिल्या महिन्यात तो किमान दहा वेळा परत बाहेर निघाला, हे कबूल करायला हवे. चार्जर आतच ठेवायची युक्ती त्यातूनच सुचली.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. त्या चिनी प्रयोगाच्या शेवटी पर्याय दिल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तुमचा थकवा त्या जातीचा असेल, तर आठवड्यातील एक-दोन दिवस कार्यालयात जाण्याची परवानगी मागण्यात कमीपणा मानू नका. तसे नसेल, तर आज संध्याकाळी फक्त ती नोंद लिहा आणि दोन आठवडे बाकी कशालाही हात लावू नका. संदेशांचे वेळापत्रक त्यानंतर बसवता येईल.