पस्तीस दिवसांचे बावीस करा, पण कर्ज काढू नका

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते. वय ३१. पगार हातात ५६,००० रुपये येतो. घरात आई आणि मी. महिन्याचा खर्च ३४,००० आणि एसआयपी ६,०००. मुदत ठेवीच्या तीन पावत्या आहेत : दोन १ लाखाच्या, एक १ लाख २० हजारांची. बचत खात्यात ४५,०००. येत्या मे-जूनच्या सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन एकटीने दक्षिण चीन फिरायचं मनात आहे. ग्वांगझू, ग्वेलिन, ग्वेयांग, कुनमिंग, दाली आणि मध्येच दोन दिवस हाँगकाँग, असे ३५ दिवस. रोज ३२० युआन, विमान ४२,००० आणि व्हिसा-विमा वगैरे १०,००० धरून खर्च २ लाखांच्या घरात जातो. ठेवींना हात लावायला नको म्हणून शिक्षकांच्या पतसंस्थेतून २ लाख उचलू का? व्याज ११ टक्के, मुदत दोन वर्षं, जामीनदार तयार आहेत. सहकारी म्हणतात, १ लाख ६५ हजारांत आठ दिवसांची ग्रुप टूर घे. आई म्हणते, त्यापेक्षा सोनं घे.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका वाक्यासाठी : "दरवर्षी फळ्यावर चुनखडीच्या भूरूपांची आकृती काढते, प्रत्यक्ष एकही पाहिलेलं नाही." नाशिकच्या चहूबाजूंना काळा बसाल्ट आहे, तिथे ती दिसणार कशी? दक्षिण चीनमधला हा चुनखडीचा प्रदेश २००७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि २०१४ मध्ये त्यात ग्वेलिनची भर पडली. भूगोलाच्या शिक्षिकेने तो बघायला जाणं ही चैन आहे असं मला अजिबात वाटत नाही. जावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला. राहिला प्रश्न किती दिवस आणि कोणाच्या पैशांनी.

आधी कर्ज. २ लाखांवर ११ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी हप्ता साधारण ९,३२० रुपये बसेल आणि व्याजापोटी २३,७०० च्या आसपास जातील. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला १६,००० उरतात. त्यातले ९,३२० पगारातूनच परस्पर कापले जाणार, तेही पुढच्या दोन दिवाळ्या ओलांडेपर्यंत.

पण व्याजापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. पतसंस्थेचं कर्ज आणि ते दोन जामीनदार ही तुमची अडीअडचणीची ताकद आहे. आईंचं वय ६३, आणि मेडिक्लेम नाही असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते हे खरं, पण दवाखान्याचं बिल आधी खिशातून भरायचं आणि मग मंजुरीची वाट बघत बसायचं, हा अनुभव तुमच्या स्टाफरूममध्ये कोणीही सांगेल. तो दिवस आला तर पतसंस्थेचं दार मोकळं हवं. फिरण्यासाठी ते आधीच वापरून ठेवू नका.

आता तुमच्याच आकड्यांकडे वेगळ्या बाजूने बघू. एका युआनला १३ रुपये धरले तर दिवसाचे ३२० युआन म्हणजे ४,१६० रुपये. ३५ दिवसांऐवजी २२ दिवस केलेत तर तिथला खर्च ९१,५०० वर येतो. विमान, व्हिसा, विमा मिळवून एकूण १ लाख ४३ हजार ५००. एवढे पैसे तुमच्याकडे आहेत : १ लाखाची एक पावती मोडायची, आणि फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या तीन महिन्यांची शिल्लक ४८,०००. झाले १ लाख ४८ हजार. उरलेल्या दोन पावत्यांचे २ लाख २० हजार म्हणजे घरखर्चाचे जवळजवळ साडेसहा महिने. त्यांना आणि बचत खात्यातल्या ४५,००० ना हात लावायचा नाही. एसआयपीही चालू राहील.

म्हणजे २ लाखांचं कर्ज तुम्ही खरं तर शेवटच्या १३ दिवसांसाठी काढताय, आणि त्या १३ दिवसांची किंमत ५४,००० रुपये आहे. माझा विरोध सहलीला नाही, फक्त या १३ दिवसांना आहे.

पावती मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजदरात साधारण अर्धा ते एक टक्का कापते. लाखाच्या पावतीवर हे नुकसान फार तर हजारभर रुपयांचं. तीन पावत्या वेगवेगळ्या ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. एकच मोठी असती तर सगळी मोडावी लागली असती. परत आल्यावर महिना १६,००० प्रमाणे ती पावती डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुन्हा उभी राहते. तोवर घरात दुसरी मोठी खरेदी नको.

तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. तुमची सुट्टी पगारी आहे. खासगी नोकरीतली व्यक्ती तीन आठवडे गेली तर बऱ्याचदा बिनपगारी रजा पडते, आणि तो बुडालेला पगार तिकिटाहून जड असतो. त्यात तुमच्या तारखाही नशिबाने बऱ्या आहेत. चीनमध्ये १ मेपासूनची कामगार दिनाची सुट्टी म्हणजे प्रचंड गर्दी. ती टाळून ८ मेनंतर निघा. त्यांच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैत सुरू होते. तेव्हा गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढतात आणि किनाऱ्याकडे वादळांचे दिवसही असतात. त्याआधीच तुम्ही परत वर्गात असाल.

अडचण पावसाची आहे, आणि ती थेट पैशाची अडचण आहे. ग्वेलिनला वर्षातला सर्वांत जोराचा पाऊस मे-जूनमध्येच पडतो. ली नदीला पाणी चढलं की बोटी बंद. कुनमिंग आणि दाली ज्या युन्नान प्रांतात आहेत तिथे मात्र पाऊस मेअखेरीस जोर धरू लागतो. म्हणून तुमचा क्रम मी उलटा करेन. ग्वांगझूला उतरून वेगवान रेल्वेने थेट कुनमिंग गाठा. शहर १,९०० मीटरच्या आसपास उंचीवर, हवा सुखाची, आणि शिलिनचं दगडी अरण्य तिथून जवळ. मग दाली, परत येताना ग्वेयांग, आणि शेवटी ग्वेलिन, त्याच्या जवळचं यांगशुओ आणि लोंगजीची भातखाचरं. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला या खाचरांत लावणीसाठी पाणी भरलेलं असतं. तो देखावा जुलैत मिळत नाही. ग्वेलिनच्या बाजूला दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. पावसात अडकलात तर घाईने महागडा पर्याय घ्यावा लागणार नाही.

रोजच्या ३२० युआनचा अंदाज मला थोडा सढळ वाटतो, आणि तसाच असू द्या. हॉस्टेलची खाट साठ-सत्तर युआनला मिळते, राइस नूडल्सचा वाडगा दहा ते वीस युआनला. पैसे जातात ते प्रवेश तिकिटांवर. शिलिनचं तिकीटच १३० युआन आहे, म्हणजे जवळजवळ १,७०० रुपये. मनापासून बघायची चार-पाच ठिकाणं आधीच ठरवा. या मार्गावरचा सगळा रेल्वेप्रवास १,२०० ते १,४०० युआनमध्ये बसावा. दिवसाला २८० मध्ये भागलं तर ११,००० रुपये वाचतात. ते पावसासाठी आणि आजारपणासाठी, खरेदीसाठी नाही.

रेल्वेची तिकिटं पासपोर्टवर, साधारण १५ दिवस आधी निघतात. आठ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. ४८ तासांपर्यंत ५ टक्के, २४ तासांपर्यंत १० टक्के, त्यानंतर २० टक्के कापतात. पावसाळी प्रवासात ही सवलत फार मोलाची आहे.

हाँगकाँग मात्र काढून टाका. मुख्य भूमीतून हाँगकाँगला गेलात की तुम्ही चीनमधून बाहेर पडल्या असं धरतात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो आणि ग्वांगझूच्या परतीच्या विमानाचं तिकीट वाया जातं. भारतीयांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते ती वेगळी, आणि दोन रात्रींत ते शहर युन्नानमधल्या आठवड्याचे पैसे खाईल. २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं असे व्हिडिओ सध्या फिरताहेत. त्या सवलतीच्या यादीत भारत नाही.

पैसे देण्याची सोय नाशिकलाच करून निघा. आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. चहाच्या टपरीपासून सगळीकडे अलीपे किंवा वीचॅट पे लागतं आणि आता त्यांना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला ते शुल्क घेत नाहीत, त्यावर गेलं की ३ टक्के. म्हणून हॉस्टेलचे पैसे आठवड्याचे एकदम न देता रोजचे रोज द्या. खरा खड्डा आपल्या बँकेकडून पडतो : परकीय चलनाचा मार्कअप (म्हणजे बँक लावते ते जादा शुल्क) साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ८०,००० रुपयांवर हे ३,३०० होतात. मार्कअप नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड आत्ताच शोधा आणि दुसऱ्या बँकेचं एक जोडीला ठेवा. हजारेक युआन रोख असू द्या. २० युआनच्या नोटेच्या मागे ली नदीकाठचे शिंगपिंगचे डोंगर छापलेले आहेत. एक नोट वर्गासाठी जपून आणा.

ग्रुप टूरचा हिशोब सोपा आहे. आठ दिवसांचे १ लाख ६५ हजार म्हणजे दिवसाला २०,६०० रुपये. तुमच्या बेतात हाच आकडा ६,५०० च्या आसपास येतो. शिवाय तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ग्वेलिन एकच दिवस आहे. परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापतात. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतः फिरणाऱ्याला वर्षाला १० लाखांपर्यंत हा प्रश्न येत नाही. सहकाऱ्यांना काळजी तुमच्या एकटेपणाची असेल तर त्यावर उपाय चांगला प्रवास विमा आहे : उपचारांसाठी किमान ५०,००० डॉलरचं संरक्षण आणि रद्द होणाऱ्या विमानांचा समावेश. त्यात हात आखडू नका.

आईंना सांगा की सोन्याचं त्यांचं म्हणणं पुढच्या वर्षी, पावती पुन्हा भरली की नक्की बघू. त्यांची भीती पैसा उडेल ही आहे. उरणाऱ्या दोन पावत्या त्यांच्या हातात द्या आणि कपाटात त्यांनाच ठेवायला सांगा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी शाळेकडे परदेश प्रवासाच्या परवानगीचा अर्ज. त्याच आठवड्यात पासपोर्टची मुदत तपासा. मग व्हिसाचे कागद. तोवर विमानाचं आरक्षण रद्द करता येणारंच घ्या. कोलकाता–ग्वांगझू थेट विमान ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झालंय. मुंबई–कोलकाता आणि पुढचा टप्पा एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते. पावती मोडायला बँकेत जाल ते व्हिसा हातात पडल्यावर. त्याआधीचा खर्च तेवढ्यापुरता बचत खात्यातून करा आणि पावती मोडल्यावर तो भरून टाका, म्हणजे ते ४५,००० जसेच्या तसे राहतील.