रिपोर्टमध्ये ‘लो’ आलंय, पण कुणाच्या मानाने?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही कर्वेनगरला राहतो, मुलगी 14 महिन्यांची आहे. जूनमध्ये पाळणाघरात ठेवायला लागलो तेव्हापासून सारखी सर्दी, खोकला, एक झालं की दुसरं. एका नातेवाईकांनी सुचवलं म्हणून अँटीबॉडीजची (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) टेस्ट केली, त्यातल्या दोन प्रकारांत आयजीजी 620 आणि आयजीए 38 आलं, दोन्हींपुढे ‘लो’. खाते-पिते नीट, वजन 9 किलो 400. पण दोन रात्री झोप नाहीये मला. प्रतिकारशक्ती कमी आहे का तिची? आणि हे नॉर्मल ठरवतं तरी कोण?

उत्तर: ताई, आधी शांत झोपा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर रेंज छापलीये 700 ते 1600 आणि 70 ते 400, ती मोठ्या माणसांची आहे हो! 14 महिन्यांच्या बाळाला तुमचे दोन्ही आकडे अगदी व्यवस्थित आहेत. असे रिपोर्ट घेऊन रडवेले आईबाबा माझ्याकडे नेहमी येतात आणि मला खरंच राग येतो, वयाप्रमाणे रेंज छापायला काय जातं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तातलं आयजीजी आईचं असतं, वारेतून आलेलं, ते दर 3 आठवड्यांनी निम्मं होत जातं आणि बाळाचं स्वतःचं अजून पुरेसं तयार होत नसतं, म्हणून 3 ते 6 महिन्यांत ते सगळ्यात खाली जातं, मग हळूहळू चढतं. आयजीए तर फारच सावकाश, मोठ्यांइतकं व्हायला वयात यावं लागतं.

नॉर्मल ठरवायला निरोगी मुलांचंच रक्त लागतं, प्रत्येक वयोगटात निदान 120 जणांचं, आणि त्यांना नुकताच ताप वगैरे आलेला नको. मधल्या 95 टक्क्यांचे आकडे ती रेंज, म्हणजे 100 धडधाकट मुलांतली 5 तशीही बाहेर पडतात. पण धडधाकट लेकराला सुई टोचू द्यायला कोण आईबाप तयार होतील, त्यामुळे हे काम अवघड आहे, आणि जे हो म्हणतात त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

पाळणाघरातल्या मुलाला वर्षात 8-10 सर्द्या होतातच. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार-पाचदा कान फुटणं, वजन न वाढणं, घरात कुणाला प्रतिकारशक्तीचा आजार, यातलं काही असेल तर मात्र लगेच दाखवा. नाहीतर पुन्हा टेस्ट नको.