उन्हावर फवारणी केली तर पावसाचं काय?

प्रश्न: नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, कापूस आन् तूर. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला का विमानानं वरतं गंधक फवारलं तं दुनियेचं तापमान कमी होते. आमच्याइकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, दुपारी वावरात उभं राहवत नाही. मंग हे करत काऊन नाहीत?

उत्तर: दादा, व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा गॅस, पार ढगांच्याही वर गेला, तिथं त्याचे बारीक थेंब झाले, त्यांनी थोडं ऊन परत फेकलं आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान अर्धा डिग्रीच्या आसपास उतरलं. हाच गॅस चंद्रपूरच्या थर्मलच्या चिमणीतून निघतो, पण तो खालीच राहतो, श्वासात जातो आणि काही दिवसांत जमिनीवर येतो. वर गेलेला वर्ष-दोन वर्षं टिकतो, म्हणजे फवारणी दरवर्षी चालूच ठेवावी लागणार. आणि मधेच बंद पडली तर? वरूड-मोर्शीकडच्या नर्सरीत संत्र्याच्या कलमांवरची ग्रीन नेट ऐन मे महिन्यात एकदम काढली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तोवर चिमण्यांतून निघणारा, जग तापवणारा कार्बन डायऑक्साइड वाढतच गेलेला असेल, दबलेली सगळी गरमी काही वर्षांतच अंगावर येईल.

पण मला खरी काळजी तुमच्या कापसाची वाटते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून तर वारा पाऊस घेऊन आत येतो, ऊनच कमी केलं तर ती ओढ कमी होते, वाफही कमी बनते. बंगलोरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत गोविंदस्वामी बाला यांची टीम कितीतरी वर्षं यावर कॉम्प्युटर मॉडेल चालवतेय, त्यात नुसतं आर्क्टिकवर, म्हणजे उत्तर ध्रुवाकडं, फवारलं तरी आपला मान्सून कमजोर पडताना दिसला. बर्फ वाचवायचा तिकडचा आणि दुबार पेरणी आपल्या वावरात!

म्हणून मी अभ्यासाच्या बाजूनं आहे, फवारणीच्या नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठवाल्यांना याच अभ्यासासाठी स्वीडनमध्ये फक्त बलून उडवून यंत्रं तपासायची होती, गंधक सोडणारच नव्हते, तरी तिथल्या सामी या आदिवासी लोकांनी आम्हाला विचारलं का म्हणून हरकत घेतली, उड्डाण थांबलं, २०२४ मध्ये प्रकल्पच बंद झाला. उद्या अशी चर्चा दिल्लीत झाली तर कोरडवाहूवाल्यांनाही असंच विचारलं गेलं पाहिजे, आणि त्याआधी चिमण्यांचा धूर कमी करायचं कुठवर आलं हे आपण विचारायचं.