वॉर्डात नवीन लागलेल्या ताईसाठी

ताई, नवीन लागलीस की सगळे आधी फाईली आणि एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या संस्थेची) रजिस्टरं दाखवतील, ते शिकशीलच, पण आधी हात स्वच्छ करायचं बघ. पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, कॅथेटर (लघवीची नळी) घालण्यासारख्या कामाआधी, रक्त-लघवी लागायची शक्यता असलेल्या कामानंतर, अगदी त्याच्या कॉटला हात लागला तरी. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी 40 ते 60. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे ग्लोव्हजमध्ये घामाच्या धारा लागतात, तरी काहीजणी एकच जोडी घालून चार बेड फिरतात, हे मला अजिबात पटत नाही, प्रत्येक पेशंटला नवीन जोडी आणि काढल्यावर परत हात धुवायचे.

सुईचं नीट ऐक. टोपण परत लावायचं नाही, वापरली की तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नको, साबण-पाण्याने धू आणि लगेच सांग, एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं 2 तासांत सुरू झालेली बरी, 72 तासांच्या आत तर हवीच. माझी एक मैत्रीण सिस्टर रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसली होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर याच आठवड्यात सुरू कर.

आणि हो, चोपडा-यावलकडून एका पेशंटमागे दहा माणसं येतात, त्यांच्यावर खेकसू नको, अहिराणीत सांग, "माय, आधी हात धुई ल्या", लगेच ऐकतात.